सीडी कुठली आहे ते आधी बघा, मग प्लेअरचं बोलू

प्रश्न : नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते. आमचे बाबा ७२ वर्षांचे आहेत, टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झालेत. त्यांच्याकडे शंभरेक सीडी आहेत, कीर्तन, अभंग, नाट्यसंगीत, शिवाय गड्ड्याच्या यात्रेत नाहीतर तुळजापूर-पंढरपूरला देवळाबाहेर घेतलेल्या कसल्या कसल्या. घरची म्युझिक सिस्टीम बंद पडली, दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट मिळत नाही. बाबा अधूनमधून एसटीने अक्कलकोटला जातात तेव्हापण ऐकायचं असतं त्यांना. मोबाईलवर लावून दिलं तर म्हणतात मध्येच फोन येतो, मध्येच जाहिरात येते, नको मला ते. ऑनलाइन बघितलं तर डोकंच फिरलं, अँटी शॉक काय, ब्लूटूथ काय, टीएफ कार्ड काय. बजेट चार हजारच्या आत. कुठला घेऊ?

उत्तर : ताई, कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या किमतीत नवे म्हणून जे प्लेअर मिळतात त्यातले बरेचसे आतून एकाच धाटणीचे असतात, डब्यावरचं नाव तेवढं बदलतं. त्यापेक्षा आज संध्याकाळी बाबांना घेऊन बसा आणि सगळ्या सीडींचे तीन ढीग करा.

पहिला ढीग साध्या ऑडिओ सीडींचा. यांच्यावर कॉम्पॅक्ट डिस्कचा तो लोगो असतो, खाली डिजिटल ऑडिओ लिहिलेलं, आणि गाणी दहा-पंधरा, कारण अशा सीडीवर ७४ नाहीतर ८० मिनिटंच मावतात. या कुठल्याही प्लेअरवर वाजतील. दुसरा ढीग एमपीथ्रीचा, म्हणजे गाणी लहान फायली करून भरलेल्या सीडींचा. देवळाबाहेर मिळायच्या त्या, कव्हरवर '१०० अभंग' नाहीतर '१५० भक्तिगीते' असं ठळक छापलेलं, त्या जवळजवळ सगळ्या यात मोडतात, एका सीडीत दहा-बारा तास सहज. यांना एमपीथ्री वाचणाराच प्लेअर लागतो, साध्यात घातली तर एकतर एरर येईल नाहीतर मुकाट फिरत बसेल. तिसरा ढीग व्हीसीडीचा, म्हणजे चित्र असलेल्या, त्या बाजूलाच ठेवा, तुम्हाला हव्यात त्या प्लेअरवर त्या वाजणार नाहीत.

बाबांचा दुसरा ढीग मोठा निघणार असं मला वाटतंय. तसं असेल तर डब्यावर एमपीथ्री लिहिलंय का हे सगळ्यात आधी बघायचं, बाकीचं मग. आणि त्याच्याबरोबर अजून एक गोष्ट, जी कुणी विचारतच नाही, ती म्हणजे रिझ्यूम. बंद केलं तिथूनच परत सुरू होतं का? कीर्तनाचा एकेक ट्रॅक तास तास दीड तासाचा असतो, बाबांनी पूर्वरंग ऐकून बंद केलं आणि दुपारी परत लावलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू, असं दोनदा झालं की तो प्लेअर कपाटात गेलाच म्हणून समजा. काही प्लेअर त्याच ट्रॅकवर येतात पण ट्रॅकच्या सुरुवातीला, काही बरोबर त्याच जागी येतात, तुम्हाला हा त्याच जागी येणारा हवा.

आता अँटी शॉक. सीडी वाचणारा लेझर धक्का बसला की जागेवरून हलतो, आवाज तुटतो. म्हणून प्लेअर सीडी जरा जोरात फिरवून गाण्याचा पुढचा थोडा भाग आधीच मेमरीत भरून ठेवतो आणि आपण ऐकतो ते त्या मेमरीतलं. सोलापूरकराला गच्चीवरची टाकी समजावून सांगायला नको, नळाला पाणी नसलं तरी टाकीत आहे तोवर घर चालतं, तसंच हे. पण टाकी केवढी ते बघा. डब्यावर मोठ्ठं '१०० सेकंद' नाहीतर '१२० सेकंद' लिहितात तो आकडा बऱ्याचदा एमपीथ्रीचा असतो, साध्या ऑडिओ सीडीला त्याच मेमरीत खूप कमी सेकंद मावतात, चाळीस-पंचेचाळीस असले तर एसटीला बरे. लागोपाठ खड्डे आले तर टाकी रिकामी होणारच, त्याला इलाज नाही, प्लेअर मांडीवर आडवा ठेवायचा, समोरच्या सीटच्या जाळीत नाही. घरात टेबलावर ऐकताना अँटी शॉक बंद करता येत असेल तर बंदच ठेवा, बॅटरी जास्त खातो तो.

बॅटरीचं म्हणाल तर दोन प्रकार आहेत, पेन्सिल सेलवर चालणारे आणि आतच लिथियम बॅटरी असलेले. नवे बहुतेक दुसरेच. मला स्वतःला सेलवाले आवडतात, कारण सेल संपले तर अक्कलकोटच्या स्टँडवर पण मिळतात, आणि आतली बॅटरी दोन-तीन वर्षांनी दमली की बदलून देणारा शोधत फिरावं लागतं. पण मिळतील ते घ्यावे लागतील, तेव्हा निदान एवढं बघा की चार्जिंगची पिन लावलेली असताना गाणं वाजतं का आणि वाजताना हेडफोनमध्ये घुंईं असा आवाज येतो का. पिन लावून नीट वाजत असेल तर पुढे बॅटरी गेली तरी पॉवर बँकेवर चालेल. आणि एप्रिल-मेमध्ये प्लेअर गाडीत किंवा गच्चीच्या खोलीत विसरायचा नाही, आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि बंद गाडीत त्याच्याही वर, बॅटरी फुगते, सीडी पण वाकते.

ब्लूटूथ? असलं तर असू द्या, त्यासाठी पाचशे रुपये जास्त मोजू नका. जो माणूस मोबाईलला वैतागलाय त्याला पेअरिंग कुठं शिकवत बसता, वायर खुपसली की आवाज आला, संपला विषय. ते पैसे हेडफोनवर घाला. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला कमी ऐकू येणं ही काही आपल्या गावाला नवी गोष्ट नाही, म्हणून डब्यात येतात ते फुकटचे इयरफोन देऊ नका, कान पूर्ण झाकणारा साधा वायरवाला हेडफोन घ्या, बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूम फार वाढवावा लागत नाही, राहिलेले कान पण जपले जातात.

टीएफ कार्ड म्हणजे आपलं मायक्रो एसडी कार्ड, आणि ते मात्र कामाचं आहे. घरात कुणाकडं जुना लॅपटॉप असेल तर सगळ्या ऑडिओ सीडी एकदा त्यावर उतरवून ठेवा, फ्लॅक फॉरमॅटमध्ये (यात फाईल लहान होते पण आवाजाचा दर्जा घटत नाही) केल्या तर एक सीडी साधारण ३००-४०० एमबी, म्हणजे शंभर सीडी ६४ जीबीच्या कार्डात आरामात. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी असतील तर त्या आधी, त्या छापील सीडीपेक्षा लवकर खराब होतात.

दुकानात मिळत असेल तर नवी पेठेत जाऊन हातात घेऊनच घ्या, आणि घरातली सगळ्यात ओरखडलेली ऑडिओ सीडी आणि एक एमपीथ्री सोबत न्या. दुकानदार स्वतःची चकचकीत सीडी लावेल, तिच्यावर सगळंच छान वाजतं. तुमची लावा आणि शेवटचा ट्रॅक वाजवा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटचं गाणं कडेला येतं, आणि डिस्क डगमगणं, बोटांचे डाग, ओरखडे हे सगळं कडेलाच जास्त त्रास देतं. तिथं नीट वाजला तर घ्या. ऑनलाइन घेतलात तर हीच परीक्षा रिटर्नची मुदत संपायच्या आत करा, आणि बॅटरी-चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का नंबरासकट आहे का ते बघा.

प्रश्न : लग्नाची व्हीसीडी आणि नाटकांच्या व्हीसीडी आहेत. निदान आवाज तरी सीडी प्लेअरवर ऐकू येईल का? (एक वाचक, दमाणी नगर)

उत्तर : नाही येणार. जुना डीव्हीडी प्लेअर शोधा, तो व्हीसीडी बहुतेक वाजवतो. लग्नाची मात्र आधी कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, आत डॅट एक्स्टेन्शनची मोठी फाईल असते, तीच तुमचं लग्न. व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडते.

प्रश्न : आजोबांचा जुना डिस्कमन (सोबत नेता येणारा सीडी प्लेअर) सापडलाय, सॉलिड दिसतो, कॉलेजमध्ये घेऊन जायचाय. सेल घातले तर डिस्क जराशी फिरते, थांबते आणि 'नो डिस्क' येतं. नवा घेऊ का हाच दुरुस्त होईल? बजेट म्हणाल तर काहीच नाही. (एक विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर : बजेट नाही हे बरंय, उगाच नवा घेतला असतास. सोनीने पहिला पोर्टेबल सीडी प्लेअर १९८४ ला काढला, त्यानंतरची वीसेक वर्षं हा धंदा जोरात होता, आणि त्या काळातली बरीच यंत्रं आजच्या स्वस्तातल्या नव्यांपेक्षा मजबूत आहेत. फिरून थांबतो म्हणजे मोटर जिवंत आहे, लेझरला सीडी दिसत नाहीये. बऱ्याचदा नुसती धूळ असते.

सेल काढ. झाकण उघड, मध्ये छोटी काचेच्या मण्यासारखी भिंग दिसेल. इयरबडचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अगदी जरासं भिजव, भिंगेवर हलक्या हाताने एक-दोनदा फिरव, दाबू नको, ती स्प्रिंगवर तरंगल्यासारखी असते. घरातलं जेल सॅनिटायझर चालणार नाही, त्याचा थर बसतो. दहा मिनिटं वाळू दे, मग छापील ऑडिओ सीडी लाव, रीराइट होणारी सीडी नको, तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो आणि जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. झाकण उघडं ठेवून बटण दाबून आत बघत बसायचं नाही, तो लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही पण असतो. सेलच्या जागी पांढरट-हिरवट काही साठलं असेल तर इयरबडला व्हिनेगर लावून पूस, मग कोरडं कर, बरेच जुने प्लेअर तिथंच अडलेले असतात.

एवढं करून नाही झालं तर यूट्यूब बघून लेझरशेजारचा तो बारका स्क्रू फिरवायला जाऊ नको, तो लेझरची ताकद वाढवतो, चार दिवस वाजतो आणि मग कायमचा जातो. दुरुस्तीवाल्याकडे ने, आणि सीडी फक्त शायनिंगपुरतीच हवी असेल तर तसंही बंद डिस्कमन दिसायला तेवढाच भारी दिसतो.

अ‍ॅडॉप्टर मात्र घरातला कुठलाही लावू नकोस. बऱ्याच डिस्कमनना ४.५ व्होल्ट लागतात, सगळ्यांना नाही. पिनच्या शेजारी आकडा आणि गोलात प्लस-मायनसचं चिन्ह छापलेलं असतं, मधला ठिपका प्लस का मायनस ते बघून तसलाच आण. मिळाला नाही तर सेलवरच चालव.