पंख उसव, कोट ठेव

प्रिय मुला,

इथे इंग्लंडातल्या जुन्या लष्करी विमानतळांवर १९४०च्या दशकातले कपडे घालून नाचायचे मेळे भरतात, त्यांबद्दलची तुझी मेल मंगळवारी रात्री वाचली आणि फोटो मोठा करून बघितला. तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलाचा निळसर करड्या रंगाचा आखूड कोट, तेल लावून मागे चापलेले केस, पाठीमागे कुठल्यातरी हँगरचं गंजलेलं दार. छान दिसतोस. पण खाली जे लिहिलंयस ते वाचून मला झोप लागली नाही. मित्र म्हणाला, ‘ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं, त्यांच्या आठवणींची झूल पांघरून नाचतोस.’ बाबा म्हणाले, नोकरी शोधायची सोडून ही कसली थेरं. आणि तू विचारतोस, ‘मावशी, नाचताना मजा येते आणि घरी परतताना लाज वाटते. जाऊ की नको?’

जाऊ की नको, हे मी सांगणार नाही. नाचायला कुठले बूट घेऊ, हेही तू विचारलंयस, आणि बुटांची चौकशी करणाऱ्याचं जायचं ठरलेलंच असतं. चामड्याच्या तळाचे घे. रबर लाकडी फरशीला धरून ठेवतं, पाय तिथेच राहतो आणि गुडघा पिळवटतो. झाला तो विषय.

त्या कोटाच्या डाव्या खिशावर पंख शिवलेत, ते मात्र उसव. आज रात्रीच. दुकानदाराने हौसेने लावून दिले असतील, त्याला काय! ते वैमानिकाचे पंख आहेत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे त्या हवाई दलाच्या बॉम्ब टाकणाऱ्या विभागात, सव्वा लाखाच्या आसपास माणसांनी विमानातून काम केलं, त्यातली ५५,५७३ मेली. बहुतेक तुझ्याच वयाची. कोट नुसतं कापड आहे, तो खुशाल घाल. पंख कुणाचे तरी असतात. कुणाचे, ते विचारलंस का? तुझ्या दोन पानी मेलमध्ये स्वतःला काय वाटतं हे अकरा वेळा आहे आणि दुसऱ्या कुणाला काही विचारल्याचा एकही उल्लेख नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस. विचारत जा.

लिंकनशायरमध्ये ईस्ट कर्कबीला गेलास, लँकॅस्टर हे तेव्हाचं बॉम्बफेकी विमान बघितलंस, ‘इंजिनचा आवाज भारी होता’ एवढं लिहिलंस. भारी असतोच. चार मर्लिन इंजिनं, प्रत्येकाला बारा सिलिंडर. एकदम सुरू होत नाहीत, एकेक करून उठवावी लागतात. पंखा दोन फेरे अडखळतो, धुराचा लोट बाहेर पडतो आणि मग छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी थरथरायला लागतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा सांडला होता. पण हे विमान तिथे उभं का आहे, हे कुणाला विचारलंस? फ्रेड आणि हॅरल्ड पँटन हे दोन शेतकरी भाऊ. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर ३०-३१ मार्च १९४४च्या रात्री न्युरेंबर्गवरच्या हल्ल्यात गेला. त्या एका रात्रीत ९५ बॉम्बर परत आले नाहीत. या दोघांनी पुढे तो विमानतळ घेतला, ते विमान घेतलं आणि त्याची इंजिनं पुन्हा सुरू करून घेतली. तुझा मित्र त्याला साम्राज्याची आरती म्हणतो. मी त्याला भावाचं श्राद्ध म्हणते.

मित्र खोटं बोलत नाही, हेही ऐक. १९४३ साली इथे लोक हँगरमध्ये नाचत होते तेव्हा बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती, तीस लाखांच्या घरात. कुठल्याही मेळ्यात त्याची पाटी मी पाहिलेली नाही. झालर लावलेल्या तंबूत केक विकतात, ‘धीर धरा’ छापलेले रुमाल विकतात, आणि कधीकधी मलाही तिथून उठून जावंसं वाटतं. पण उठून गेल्यावर काय? तंबू तसाच राहतो, फक्त त्यात विचारणारं एक माणूस कमी होतं. तुझ्या मित्राने घरी बसून जे म्हटलं ते तू तिथे चहाच्या टेबलावर, समोरच्या आजीला म्हण. भांडायला नव्हे. ‘तुमच्या घरी तेव्हा साखर किती मिळायची?’ इथून सुरुवात कर. इथे जानेवारी १९४०ला रेशन सुरू झालं आणि १९५४पर्यंत चाललं. ती सांगेल. मग तू आपल्याकडचं सांग. मी असं कितीतरी वेळा केलंय आणि एकाही म्हातारीने कप आपटून खाली ठेवलेला नाही.

आता नाच. ‘इंग्रजांचा नाच’ असं तू लिहिलंयस. अरे, कुणाचा? तू नाचतोस तो लिंडी हॉप हार्लेमचा आहे, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीचा. १९२६ साली लेनॉक्स अव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम उघडलं. दोन बँडसाठी दोन मंच, एकाचं संपलं की दुसऱ्याने उचलायचं, आणि काळे-गोरे एकाच फरशीवर. अमेरिकेत तेव्हा हे किती ठिकाणी होतं? ऐन युद्धात, १९४३मध्ये, अधिकाऱ्यांनी ते काही महिने बंद पाडलं. आणि इथे आलेलं अमेरिकन सैन्य काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या पलटणींचं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये लँकेशायरच्या बॅम्बर ब्रिजला त्यावरून गोळ्या चालल्या, एक काळा सैनिक मेला. हवेत जोडीदाराला उडवण्याची जी चाल बघून तू टाळ्या वाजवतोस ती १९३५च्या सुमारास सॅव्हॉयच्या फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने आणली. युद्धात तो स्वतः सैन्यात होता. पुढे स्विंगचे, म्हणजे या नाचाच्या संगीताचे, दिवस गेले तेव्हा त्याने पोस्टात नोकरी धरली, ती तीस वर्षं केली. ऐंशीच्या दशकात तरुण पोरं त्याला शोधत दारात आली आणि तो पुन्हा फरशीवर उतरला. कशामुळे? कुणीतरी जाऊन विचारलं म्हणून! ज्या नाचावर तुझा जीव जडलाय तो साहेबाचा नाही. साहेबानेही तो उसनाच घेतला. तेव्हा लाज वाटायचीच असेल तर नाव न विचारता घेतल्याची वाटू दे.

आणि हो, ती उडवायची चाल गर्दीत करायची नाही. कुणाच्या तरी दातावर टाच बसते. गुडघे सैल ठेव, वजन खाली जाऊ दे, उड्या मारू नकोस. आठ मात्रांचं आवर्तन आहे, केरव्याच्या आठ तुझ्या कानात लहानपणापासून आहेतच. पण आपला हात सवयीने समेवर पडतो. इथे टाळी दोन आणि चारवर. हे अंगात मुरायला मला दोन वर्षं लागली. जोडीदारीणीच्या हातात हात असतो तोसुद्धा विचारण्यासाठीच, ओढण्यासाठी नव्हे. तू तिला ओढतोस. मी गेल्या महिन्यात बघितलं, तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

आता माझं सांगते. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत. मी शेंडेफळ, ते चाळिशीत असताना झालेली. साताऱ्याच्या घरी मागच्या पडवीत आरसा खिळ्याला टांगून ते दाढी करायचे आणि दाढी करताना शीळ घालायचे. एकच धून, नेहमी अर्ध्यावर तोडायचे. कारण तिथपर्यंत वस्तरा हनुवटीखाली यायचा आणि तोंड मिटावं लागायचं. ही कुठली धून, असं मला कधी वाटलंच नाही. वडिलांची शीळ ती वडिलांची शीळ.

१९८३ साली मी इथे बेडफर्डला आले. आमच्या गल्लीत इटालियन घरं बरीच होती, पन्नाशीच्या दशकात विटांच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं. शेजारच्या म्हातारीला एकदा म्हटलं, माझे वडील तुमच्या देशात लढले. तिने हातातली टोपली खाली ठेवली आणि विचारलं, ‘कुठल्या पलटणीत? कुठल्या गावाला?’ मला सांगता आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मला पुन्हा सांगता आलं नाही. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला वरच्या टायबरच्या खोऱ्यात पडले, नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ला सेनियो नदीवर जखमींना खांद्यावरून आणलं, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, हे सगळं मी नंतर वाचलं आणि पाठ केलं. माझा बाप त्या नदीवर होता की नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. ते १९७९लाच गेले होते.

आणि मग ट्विनवुड. आमच्या गावाबाहेरच, क्लॅपमच्या वर, टेकाडावरचा जुना विमानतळ. लंडनवर उडते बॉम्ब पडायला लागल्यावर ग्लेन मिलर या अमेरिकन संगीतकाराचा सैन्यातला बँड बेडफर्डला हलवला होता. १५ डिसेंबर १९४४ला धुक्यात मिलर याच ट्विनवुडहून पॅरिसला जायला एका छोट्या नॉर्समन विमानात बसला आणि ते विमान खाडी ओलांडून पोचलंच नाही. तिथल्या नाचाला मैत्रीण मला ओढून घेऊन गेली. बँडने तिसरं गाणं सुरू केलं आणि मी उभी राहिले. तीच शीळ. बँड पुढे वाजवत गेला. वडील जिथे तोडायचे त्याच्या पुढचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ती कुठे ऐकली असेल? सैन्याच्या रेडिओवर? एखाद्या इस्पितळात? कुणी शिकवली असेल का? माझ्याकडे वीस वर्षं होती, ते रोज सकाळी पडवीत उभे असायचे, आणि मी विचारलं नाही.

म्हणून मी जाते. मुलगी म्हणते, ‘आई, तुझे सगळे रविवार त्या धावपट्ट्यांनी खाल्ले.’ तिच्या शाळेच्या दोन स्नेहसंमेलनांना मी नव्हते, हे खरं आहे, आणि ते ती विसरलेली नाही. पण त्या रविवारी मी काय करत होते? घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या नव्वदीतल्या माणसांजवळ गुडघ्यावर बसून वही भरत होते. आज त्यांतलं एकही माणूस नाही. मुलीची संमेलनं मी चुकवली, पण मला दुसरा रस्ता दिसत नव्हता, आणि अजूनही दिसत नाही. हे तुला सांगायचं कारण नव्हतं. राहू दे.

आपण तिथे शोभतो का, असंही तू विचारलंयस. एका मेळ्याला मी आजीची नऊवारी नेसून गेले होते. नाचायला तिच्यासारखं वस्त्र नाही, काष्ट्याने पाय मोकळे राहतात, तंग झग्यात बायका अडखळतात तशी अडखळ नाही. दारावरच्या बाईंनी सांगितलं, ‘पोशाख त्या काळातला हवा.’ माझी आजी १९४३ला हेच नेसत होती. हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ते बोलले नाही, गाडीत जाऊन बसले आणि घरी आले. ती माझी दुसरी चूक. पुढे कळलं, ३ जून १९४५ला स्कॉटलंडमध्ये रोसाइथच्या नौदल तळावर भारतीय नौदलाच्या महिला दलातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन साडीत उभ्या होत्या, गणवेशाच्या साडीत, आणि त्याचा फोटो आहे. तो फोटो मी आता पर्समध्ये ठेवते. महिंदरसिंग पुजी हे आपले वैमानिक त्या युद्धात पगडी घालून हरिकेन हे लढाऊ विमान उडवायचे. ग्रेव्हसेंडला त्यांचा पुतळा आहे, जाऊन बघून ये. शोभतो का म्हणे! आपण होतोच.

तू परभणीचा. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ब्रिटनच्या लढाईत डॉर्सेटच्या वॉर्मवेलहून स्पिटफायर उडवणारं एक स्क्वाड्रन होतं, क्रमांक १५२, आणि त्याचं नाव हैदराबाद. त्याच्या बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण आहे, कारण पैसा त्याने दिला. बडोद्याच्या नावाचं दुसरं होतं, १२४. निजामाचा पैसा म्हणजे कुणाचा? परभणी, नांदेड, बीडच्या काळ्या रानातून भरलेला साराही त्यात आलाच. तुझ्या खापरपणजोबांनी कापूस विकून जो सारा भरला असेल त्याचा एखादा खिळा त्या विमानात असेल. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे तुझ्या मित्राचं म्हणणं बरोबरच आहे. पण म्हणून त्या धावपट्टीवर तुझा हक्क कमी होतो की वाढतो?

तू एकदा म्हणाला होतास, तुझी पणजी अजून आहे, चौऱ्याण्णव वर्षांची, आणि दुपारी जरा हुशारीत असते. तिला तेव्हाचं आठवत असणार. आपल्याकडे रेशनच्या धान्याला म्हातारी माणसं ‘कंट्रोल’ म्हणतात, तो शब्द त्याच दिवसांतला. येत्या रविवारी तिच्या दुपारी तीनला, म्हणजे तुझ्या सकाळी, फोन लाव. व्हिडिओ लावू नकोस, ती पदर सावरत बसेल. घरात तेव्हा काय शिजायचं ते विचार. रॉकेल कुठून यायचं, रझाकारांच्या आधीचं गाव कसं होतं, गावातलं कुणी सैन्यात गेलं होतं का, त्याचं नाव काय. ती भलतीकडे गेली तर जाऊ दे, मध्ये बोलू नकोस. तिचे शब्द आहेत तसे वहीत लिही, शुद्ध करू नकोस.

गुरुवारी साडेसातला सरावाला ये. उसवलेले पंख पाकिटात घालून आण. ते कुठे द्यायचे ते मी बघते. आणि ती वही आण.

तुझी
मावशी