पाठ टेकली की ठोका चुकतो

"मॅडम, जास्त थकलं की छातीत फडफडते. मधेच एक ठोका चुकते. हार्टचं तर काही नसंल?"

माझी समुपदेशनाची खोली नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या गल्लीत. त्यामुळे हा प्रश्न फाइलसकट माझ्यापुढे येऊन बसतो, आणि हल्ली फारच वारंवार. म्हणून एका बाईंची गोष्ट त्यांना विचारून, ओळख बदलून सांगते.

मानेवाड्याकडच्या शिक्षिका, वय 44. एप्रिल महिना, दहावीचे पेपर तपासायचे गठ्ठे आणि घरी रात्रीतून तीन-चारदा हाक मारणाऱ्या सासूबाई. झोप तुकड्यातुकड्यांनी, मिळून जेमतेम साडेचार तास. ईसीजी, इको, 24 तासांचं होल्टर (अंगावर लावून ठोक्यांची सलग नोंद घेणारं यंत्र), सगळं झालेलं होतं. ते झालं नसतं तर मी आधी तिकडेच पाठवलं असतं. छातीच्या तक्रारीला मनाची चिठ्ठी चिकटवायची घाई आमच्यातले काही जण करतात, मला ते पटत नाही. होल्टरमध्ये थोडे जादा ठोके, हृदय धडधाकट, थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन मात्र कमी, 9.2. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही.

"काही नाही म्हणतात, अन् इथे तर होऊन राहिलं. मग मी काय नाटक करून राहिली का?"

"नाही ताई. होतं ते खरंच होतं. फक्त ठोका चुकत नाही, एक ठोका घाईने आधी येतो."

शाळेतलीच गोष्ट सांगितली. हजेरी चालू असताना एखादा पोरगा आपला नंबर यायच्या आधीच 'हजर' म्हणतो. मग क्षणभर सगळे गप्प, आणि पुढचा जरा जोरातच ओरडतो. हृदयाचंही तसंच. आधी आलेल्या ठोक्यात रक्त पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो नाडीला लागत नाही. मग थोडी उसंत मिळते, तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका धस्सकन बसतो. दिवसाला साधारण 1 लाख ठोके पडतात. निरोगी माणसाच्याही त्यांत असे आगाऊ निघतात.

मग थकल्यावरच का? झोप नसली की शरीर हृदयाला पळवणाऱ्या ॲड्रेनॅलिनचा नळ उघडाच ठेवतं. त्यावर आपण चहा ओततो; बाईंचे सात कप होत होते. नागपूरच्या उन्हात घामावाटे पाणी आणि क्षार जातात, त्यात चतुर्थीचा उपास. रक्त कमी असलं की हृदयाला जादा राबावं लागतं, आणि लोहाची गोळी बाई सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या, म्हणजे निम्मी वायाच. चहा लोह अंगी लागू देत नाही. सर्दीची नाक मोकळं करणारी काही औषधं, दम्याचा पंप, दारू यांनीही असे ठोके वाढतात. घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडकत असेल तर तेही तपासावं लागतं. समोर पुरुष असला की मी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, विचारते, बायको बाहेर बसली असेल तर हळू आवाजात.

एवढं सांगून चहा दोन कपांवर आला, गोळी लिंबूपाण्याबरोबर सुरू झाली. फडफड कमी झाली, भीती मात्र तसूभरही हलली नाही. माझं खरं काम इथून पुढे सुरू होतं.

चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, "फडफड झाली की करता काय?"

"उठून बसते. भाजी निवडते नाही तर पेपर घेते. थांबूनच जाते मग."

"आणि काम करताना कधी होते?"

"नाही ना! पाठ टेकली की होते. रविवारी दुपारी तर हमखास." मग हळूच म्हणाल्या, "आराम सोसतच नाही जी मला."

मी पेन खाली ठेवलं. बाईंचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, निष्कर्ष तेवढा उलटा. उठून हाताला काम लावलं की हृदयाचा वेग वाढतो आणि असे जादा ठोके बहुधा दबतात. पडलं की वेग उतरतो, ते डोकं वर काढतात. त्यात डाव्या कुशीवर असलो तर हृदय छातीच्या भिंतीशी येतं आणि कूलरच्या घरघरीतही ठोका जाणवतो. म्हणजे थकवा दिवसभराचा, आळ मात्र पडण्यावर. काम हे औषध समजून बाई त्याचाच डोस वाढवत होत्या. त्रास घटनेपेक्षा तिला लावलेल्या अर्थाने होतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे, पण इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित हाती लागतं. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी स्वतःवर खूश होते.

बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी झोपेलाच घाबरून राहिली होती."

गृहपाठ एकच दिला: रविवारी दुपारी पडायचं, फडफडलं तरी वीस मिनिटं उठायचं नाही, नाडी धरायची नाही. आणि नवऱ्याला बोलावून आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या नावावर लिहिल्या. ते कुरकुरले, आई त्यांची आहे एवढंच मी म्हटलं.

हे घरी करून पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, जिना चढताना किंवा पळतानाच ठोके बिघडले, वेडीवाकडी धडधड सुटली ती थांबेचना, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर वीस मिनिटांचा प्रयोग करत बसू नये. थेट डॉक्टर गाठावा.

पुढच्या भेटीत बाई आल्या त्या हसतच. "दोनदा धस्स झालं. नाही उठली. मग डोळाच लागला, पाच वाजेपर्यंत."

"आणि भाजी?"

"मेथी ना? पडली आहे जी फ्रिजमध्ये तशीच."