हिथ्रो विमानतळावरून दोन मुलांना घेऊन मध्य लंडनला कसे जावे?

मुलांची वये 5 आणि 12 असून मुक्काम पॅडिंग्टनजवळ आहे, असे आपण लिहिले आहे. त्यामुळे माझ्या मते एलिझाबेथ लाइन ही 2022 साली सुरू झालेली गाडी सर्वांत सोयीची, कारण ती साधारण अर्ध्या तासात थेट पॅडिंग्टनला पोहोचवते. भूमिगत रेल्वेची पिकॅडिली लाइन स्वस्त असली, तरी तिचे डबे अरुंद असतात आणि दोन मोठ्या बॅगा व पेंगुळलेले मूल सांभाळत तासभर बसणे नकोसे होते.

अकरा वर्षांखालील मुलाला मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही. त्याला घेऊन कडेच्या रुंद फाटकातून जावे. बारा वर्षांच्या मुलासाठी मात्र ऑयस्टर कार्ड (लंडनमधील प्रवासासाठी पैसे भरून ठेवायचे कार्ड) घेऊन, भूमिगत रेल्वेच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 14 दिवसांची निम्म्या भाड्याची सवलत नोंदवून घ्यावी, कारण बँकेच्या कार्डावर ती मिळत नाही. आपण दोघा मोठ्यांनी तिकिटाऐवजी फाटकावर वेगवेगळी बँक कार्डे टेकवावीत; एकाच कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही, आणि हे नेमके फाटकाशी, मागे रांग खोळंबलेली असताना लक्षात येते. चढताना वापरलेले कार्डच उतरतानाही टेकवावे.