‘गाडी दारात बोलावली म्हणून बोभाटा झाला का?’

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलींचं समुपदेशन करताना माझ्याकडे येणारे नातेवाईक बहुतेक वेळा एकाच शंकेने पोखरलेले असतात: त्या वेळी आपलं काही चुकलं का? पुण्यातल्या कर्वेनगरहून आलेल्या मावशींची शंका फारच नेमकी होती. बावीस वर्षांच्या भाचीवर अत्याचार झाला त्या रात्री त्यांनी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला होता. पंधरवड्याने सोसायटीतली एक बाई त्यांना म्हणाली, “रिक्षात घालून गुपचूप न्यायचं होतंत. गाडी दारात आणलीत, बोभाटा झाला.” हे वाक्य मावशींच्या मनातून हलत नव्हतं. (दोघींच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ही शंका मी इतक्या घरांतून ऐकली आहे, की त्या रात्री गाडीत नेमकं काय घडलं हे सविस्तर सांगणं मला गरजेचं वाटतं.

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अभ्यासिका सदाशिव पेठेत, मुक्काम मावशीकडे. अभ्यासिकेतल्याच ओळखीच्या मुलाने नोट्सच्या निमित्ताने खोलीवर बोलावलं होतं. ती घरी आली ती न रडता. चूळ भरली, कपडे बदलले, पाणी प्यायला गेली तर घोट उतरेना. आवाज घोगरा येत होता. मावशींनी आधी जवळच्या एका खासगी रुग्णालयात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “पोलीस केस आहे, आधी चौकीत जा.” हे उत्तर सरळसरळ बेकायदा आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायचे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ तेच सांगतं. नाकारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण रात्री साडेअकराला मावशींनी कुणाला कलमं ऐकवायची? त्यांनी १०८ फिरवला.

महाराष्ट्रातली १०८ सेवा २०१४ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि तिच्या गाडीत पायलटबरोबर, म्हणजे चालकाबरोबर, डॉक्टर असतो. त्या रात्री आलेले डॉक्टर पुरुष होते. ते कळल्यावर मावशींना धस्स झालं. ते उंबऱ्याशीच थांबले, नाव सांगितलं आणि थेट भाचीलाच विचारलं, “मी आत येऊ का? मावशींना इथेच थांबू दे ना?”

पुढचं सगळं भाचीने मला सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा थोडं हसली. “मॅडम, ते दर गोष्टीला विचारत होते. दंडाला पट्टा बांधू का, बोटाला क्लिप लावू का, डोळ्यांत बॅटरी मारून बघू का. शेवटी मलाच कंटाळा आला.” डाव्या दंडाला हात लावू नका, असं ती म्हणाली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, पट्टा उजवीकडे बांधला. ज्या मुलीच्या ‘नाही’ला काही तासांपूर्वी कुणी किंमत दिली नव्हती, तिचं एक ‘नाही’ तिथे निमूटपणे मानलं गेलं. पुढे माझ्या खोलीत ती ज्या मोकळेपणाने बोलली, त्यातला बराचसा वाटा मी त्या पट्ट्याला देते.

प्रश्न त्यांनी मोजकेच विचारले. कुठे दुखतंय, रक्त जातंय का, शुद्ध गेली होती का. आणि एक थेट: “गळा दाबला होता का?” हे का विचारतोय तेही सांगितलं. गळा आवळला गेला असेल तर वरून वळ दिसत नाही असं पुष्कळदा होतं, पण आत सूज येऊन काही तासांनीही श्वास अडू शकतो. घोगरा आवाज, गिळताना त्रास, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके ही त्याची लक्षणं. मावशींना मी इथेच थांबवलं आणि म्हटलं, या अवस्थेतल्या मुलीला खड्ड्यांतून रिक्षाने नेणं धोक्याचं होतं. तुमच्या शेजारणीला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तिचं म्हणणं कानामागे टाका.

कोण होता, तू तिथे का गेलीस, ओरडली का नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. ते रुग्णवाहिकेचं कामच नाही. ती आपणहून जे बोलली ते त्यांनी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, आपला निष्कर्ष जोडला नाही. सगळ्याच गाड्यांत असंच होतं असा माझा दावा नाही. “एवढ्या रात्री एकटी कशाला गेली होतीस?” हा प्रश्न स्ट्रेचरवर ऐकून आलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत, आणि तो त्यांच्या डोक्यातून काढायला महिने जातात. ‘ओरडली का नाहीस’ या प्रश्नाला तर शरीरापाशीच उत्तर असतं. जबर भीतीत माणूस पळतो किंवा झगडतो, तसाच कित्येकदा जागच्या जागी गोठतो. तेव्हा कंठ फुटत नाही. त्याचा अर्थ संमती असा होत नाही.

मावशींना दुसरी टोचणी होती ती बदललेल्या कपड्यांची. ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले होते. डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि घरात कागदी पिशवी आहे का विचारलं. साडीच्या दुकानातली एक निघाली, ती त्यांनी वापरली. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा नासतो. गाडीतही तिच्याखाली स्वच्छ चादर होती. उतरताना ती आतल्या बाजूने दुमडून पिशवीबरोबर रुग्णालयात दिली आणि नोंदीवर सही घेतली. निघताना तिला लघवीला लागली होती. “थांबता आलं तर बरं. नाहीच जमलं तर जा, फक्त पुसू नका,” एवढंच सांगितलं, दटावलं नाही. तिने चूळ भरली, हात धुतले, म्हणून सगळं संपलं असंही नसतं. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात. अंघोळ झालेली असली तरी जावं. पुराव्याचा विचार बाजूला ठेवला तरी औषधांसाठी जावंच लागतं: एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि पुढे २८ दिवस. गर्भधारणा टाळण्याची गोळीही लवकर घेतलेली बरी.

कर्वेनगर ते ससून रुग्णालय. सायरन बंद ठेवायला डॉक्टरांनीच पायलटला सांगितलं होतं. तिचा श्वास ठीक होता, रस्ता रिकामा होता. अपघात विभागाच्या दारात त्यांनी मोठ्याने काही पुकारलं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं.

“पण पोलीस आलेच ना शेवटी,” मावशी म्हणाल्या. आले. रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. मात्र सज्ञान बाईने तपासणी करू द्यायची की नाही, जबाब द्यायचा की नाही, हे तिच्या हातात असतं. तिने नकार दिला तर तो लिहून घेतात, उपचार थांबवत नाहीत. मुलगी अठराच्या आतली असती तर गोष्ट वेगळी. पॉक्सो कायद्याने ते कळवणं मलाही बंधनकारक आहे. भाचीने त्या रात्री तपासणीला होकार दिला आणि जबाबाला ‘आज नको’ म्हणाली.

माझ्याकडे ती आली तेव्हा गोळ्यांनी मळमळत होतं आणि जबाबाचा निर्णय डोक्यावर होता. तिला एवढंच हवं होतं, की ठाण्यात जावं लागू नये आणि मावशी शेजारी असावी. दोन्ही शक्य आहे. जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, जवळच्या नातेवाइकाच्या उपस्थितीत घ्यायचा, अशी कायद्यातच तरतूद आहे. ते ऐकून तिने विचारलं, “मग दुपारी घेतील का? संध्याकाळी काका घरी असतात.” आम्ही तिथूनच फोन लावला.

उठताना मावशींनी पुन्हा तोच विषय काढला. सोसायटीत कुणी विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, “भाचीचा घसा सुजला होता, श्वासाला त्रास होईल अशी भीती होती, म्हणून गाडी बोलावली.” यात एक अक्षर खोटं नाही. आणि कुणी ग्रुपवर तिचं नाव किंवा ओळख पटेल असं काही टाकलंच, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे सेक्रेटरींच्या कानावर आधीच घालून ठेवलंत तरी हरकत नाही.

“घालतेच,” मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या मंगळवारची वेळ लिहून घेतली.