जमिनीत जागा किती उरली?

मागच्या खेपेला हिवाळी पुरांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची थप्पी लागली. थंड मुलखात मुलंबाळं असलेले पालक बरेच, दोघं-तिघं स्वतः तिथं राहणारे. सगळ्यांना उत्तरं देणं होणार नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगी नदीपासून दोन गल्ल्या सोडून राहते. उन्हाळ्यात तिथं तासभर धो धो पाऊस कोसळतो, नदीला काही होत नाही. हिवाळ्यात दोन दिवस नुसती रिपरिप लागली की पुराचा इशारा. जास्त पावसाला पूर नाही आणि कमी पावसाला पूर, हे कसं?

उत्तर : कमी कुठला! ती रिपरिप मोजून बघा. ताशी २ मिलिमीटर पावसात माणूस छत्री घेऊन आरामात चालत जातो, पण तोच ४८ तास टिकला की ९६ मिलिमीटर होतो. शिवाय उन्हाळी सर डोंगराची एखादी कूस भिजवून निघून जाते. हिवाळी वादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा, त्यामुळे नदीच्या सगळ्या उपनद्या एकदमच फुगतात.

तरी मूळ कारण पायाखाली आहे. पूर-इशारा कक्षात मी एकवीस वर्षं काढली. पावसाचा अंदाज हातात पडला की आमचे साहेब आकड्याकडे बघायच्या आधी विचारायचे, "पोटात जागा किती?" म्हणजे जमिनीच्या पोटात. उन्हाळ्यात झाडं मुळांनी पाणी ओढत असतात, ऊन माती सुकवत असतं, त्यामुळे पुढच्या पावसाला जागा होत राहते. हिवाळ्यात पानं गळलेली, दिवस आखूड, ऊन तिरपं. मुरलेलं पाणी आतच बसून राहतं. दोन-तीन आठवडे असे गेले की जमीन चिबडते, म्हणजे पाण्यानं तुडुंब भरते, आणि मग वरून पडलेलं पाणी थेट ओढ्याची वाट धरतं.

एक साधा हिशेब करू. १०० चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र, त्यावर ५० मिलिमीटर पाऊस. एकूण पाणी ५० लाख घनमीटर. कोरड्या जमिनीवरून समजा त्याचा पाचवा हिस्सा नदीत आला, तर १० लाख. चिबडलेल्या जमिनीवरून पाचातले चार हिस्से आले, तर ४० लाख. पाऊस तोच, पर्जन्यमापकातला आकडा तोच, आणि नदीत चौपट पाणी. म्हणून मुलीला सांगा, उद्या किती पडणार हे बघण्याआधी गेल्या तीन आठवड्यांत किती पडला ते बघ. जमीन गोठलेली असेल तर तेवढंही बघायला नको. ती फरशीसारखीच वागते.

याच पत्रात आणखी एक ओळ होती, "पावसानं बर्फ वितळून पाणी वाढतं ना?" वाढतं, पण ते काम पाऊस फारसा करत नाही. मीही पहिली काही वर्षं उलटंच समजत होते. ५ अंश तापमानाचा एक लिटर पाऊस बर्फावर पडून शून्यापर्यंत थंड झाला, तर त्या उष्णतेत जेमतेम साठ-पासष्ट ग्रॅम बर्फ वितळतो. मात्र हवेतल्या एक किलो बाष्पाचं बर्फाच्या पृष्ठभागावर पाणी झालं, तर त्यातून सुटणारी उष्णता साडेसात किलो बर्फ वितळवू शकते. हे बाष्प सतत आणून घालतो तो वारा. म्हणजे डोंगरावर साठलेला बर्फ, त्यावर पाऊस आणि सोबत उबदार, दमट, सोसाट्याचा वारा असं त्रिकूट जमलं की आमच्या कक्षात कुणी घरी जात नसे.

प्रश्न : इशाऱ्यात पावसाबरोबर वाऱ्याचा वेगळा उल्लेख असतो. वाऱ्याचा पुराशी काय संबंध? पत्रे उडतील, फार तर.

उत्तर : "फार तर" हा शब्द मला आवडला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ५० किलोमीटरचा वेग १०० झाला की धक्का चौपट. त्यात माती भिजून मऊ झालेली, मुळांची पकड सैल. कोरड्या दिवसांत तग धरणारं झाड अशा वेळी मुळासकट आडवं होतं, ओढ्यात पडतं, मोरीच्या तोंडाशी अडकतं, आणि मागचं पाणी रस्त्यावर येतं. पाचोळा तर आधीच सगळ्या जाळ्यांवर बसलेला असतो.

दुसरं म्हणजे पाणी आणून घालणारा वाराच असतो. समुद्रावरून हजारो किलोमीटर लांबीचे आणि काहीशे किलोमीटर रुंदीचे बाष्पाचे पट्टे वाहत येतात. योंग झू आणि रेजिनाल्ड न्यूएल या संशोधकांनी १९९० च्या दशकात त्यांना 'वातावरणीय नद्या' हे नाव रूढ केलं. असा पट्टा डोंगराला आडवा भिडला की हवा वर चढते, थंड होते आणि रिकामी होते. डिसेंबर २०१५ मध्ये इंग्लंडच्या कंब्रिया भागात डेस्मंड वादळाच्या वेळी हेच झालं. हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवा १ अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते, हेही इथंच लक्षात घ्या.

तिसरा संबंध समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. दाब १ हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो; ५० नं उतरला तर अर्धा मीटर. त्यावर वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, आणि उथळ समुद्रात हा ढकला जास्तच बसतो. त्याच रात्री मोठी भरती असेल तर नदीला समुद्रात उतरायला वाट राहत नाही आणि फुगवटा आत आत सरकतो. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात वारा आणि उधाणाची भरती एकत्र आली, तेव्हा नेदरलंड्समध्ये १,८३६ आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. ते पाणी ढगातून आलंच नव्हतं.

प्रश्न : घर घेताना सांगितलं होतं, 'शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची' रेषा इथवर आहे. चार वर्षांपूर्वी पूर येऊन गेला. आता शहाण्णव वर्षं निर्धास्त?

उत्तर : नाही हो. हा शब्दप्रयोग ज्यानं बाजारात आणला त्याला एकदा गुडघाभर पाण्यात उभं करायला हवं. त्याचा अर्थ इतकाच की दर वर्षी अशा पुराची शक्यता १ टक्का. पूर काल येऊन गेला हे नदीला आठवत नसतं. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. कंब्रियातलंच कार्लाइल शहर जानेवारी २००५ मध्ये बुडालं. मग भिंती, बांध उभे राहिले. डिसेंबर २०१५ मध्ये पाणी त्यांच्यावरून आत आलं.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो. दारात वाळूच्या पिशव्या रचून ठेवल्या आहेत. पुरेसं आहे?

उत्तर : दारापुरतं. पाणी संडासातून आणि न्हाणीच्या मोरीतूनही उलटं वर येतं. तिथं उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवून घ्या. विजेचा मुख्य खटका पाणी येण्याआधी बंद करा, आल्यावर त्याला हात लावू नका. आणि तळघर असेल तर पूर ओसरल्या ओसरल्या पंप लावून ते घाईनं उपसू नका. बाहेरची जमीन अजून पाण्यानं भरलेली असते. आतलं पाणी गेलं की तिचा दाब भिंत आत ढकलतो. थोडं थोडं, दिवसागणिक उपसा. गाडीबद्दल विचारलंत म्हणून : ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी मोटार उचलू शकतं. गाडी राहू द्या.

प्रश्न : मोबाइलवर नदीच्या पातळीचा आलेख दिसतो. काल रात्री पाऊस चालू होता, तरी रेषा सरळ होती. मी झोपलो. बरोबर केलं ना?

उत्तर : सकाळी पत्र लिहिलंत म्हणजे निभावलं. पण माझी गोष्ट ऐका. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पातळी मोजणाऱ्या केंद्राची रेषा तीन तास पट्टीनं आखल्यासारखी सरळ. मी नोंदवहीत लिहिलं, 'पातळी स्थिर', आणि चहा करायला उठले. पहाटे पुलावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला, "ताई, पाणी कठड्याला लागलंय." केंद्रात एक छोटी विहीर असते, तिच्यातल्या पाण्यावर तरंगणारा तरंगक पातळी दाखवतो; नदीतलं पाणी त्या विहिरीत नेणारी नळी गाळानं बुजली होती. बाहेर नदी चढत होती आणि विहिरीत तरंगक जागच्या जागी स्वस्थ बसला होता. पुलापलीकडची वस्ती अंधारातच उठवावी लागली. माणसं निघाली, गुरं सगळी निघाली नाहीत. पावसाच्या नोंदी माझ्यासमोर होत्या, त्या रेषेशी ताडून बघायचं मला सुचलं नाही.

जिवंत नदीची रेषा थरथरते, दोन-चार मिलिमीटर तरी वरखाली होतेच. भर पावसात ती अगदी सरळ दिसली तर यंत्र मेलं असं धरून वरच्या आणि खालच्या केंद्राचे आलेख उघडा. दोन्हीकडे पाणी चढत असेल, तर कागदपत्रं आणि औषधं माळ्यावर टाका आणि शेजाऱ्यांची दारं वाजवा.