आईचे गुडघे दुखतात, पुण्याहून पवित्र भूमीच्या (जेरुसलेम-बेथलेहेमच्या) यात्रेला नेऊ का?

जरूर न्या, पण आतापासून रोज थोडं चालवा. पर्वतीइतकी चढण नसली तरी जुन्या जेरुसलेमचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. चांगल्या पकडीचे बूट आणि काठी हवीच. क्रुसाची वाट, म्हणजे येशू क्रूस घेऊन गेला तो मार्ग, त्याच गल्ल्यांतून जाते; तिच्या १४ स्थानांपैकी शेवटची पाच पवित्र कबरेच्या चर्चमध्ये आहेत. या चर्चमध्ये कालवारीकडे (येशूला क्रुसावर दिलं ती जागा) जाणारा जिना अरुंद आणि उभा आहे, तिथे हात धरा.

बेथलेहेमला येशूच्या जन्मस्थानी असलेल्या जन्म-चर्चचं दार जेमतेम चार फूट उंच आहे. माझी आई वाकून आत गेली आणि तिथेच तिचे डोळे भरले. खाली गुहेत येशूच्या जन्माची जागा दाखवणारा १४ टोकांचा चांदीचा तारा आहे. गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून ती नुसती वाकली आणि तिने बोटांनी ताऱ्याला स्पर्श केला. एवढ्यासाठीच न्या.

बेथलेहेम पॅलेस्टिनी भागात आहे, वाटेत तपासणी नाका लागतो. पासपोर्ट जवळच ठेवा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घ्या. पैसे भरण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा, आणि यात्रा रद्द झाली तर किती परत मिळतील ते लेखी घ्या. आमचं तेच राहिलं होतं, मोठा फटका बसला.