एक शेगडी मागवली, दोन आल्या: जादाची ठेवायची की परत करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲपवरून एक इंडक्शन शेगडी मागवली, दोन खोकी आली, पैसे मात्र एकीचेच गेले. आठ दिवस झाले, कुणाचा फोन नाही. दुसरं खोकं बाल्कनीत तसंच पडून आहे. सासूबाई म्हणतात लक्ष्मी आपल्या पायाने घरी आलीय, मिस्टर म्हणतात एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो. आणि चुकून आलेली वस्तू कायद्याने आपलीच होते, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय.

मी पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका इलेक्ट्रिकल दुकानात अकरा वर्षं हिशेब आणि डिस्पॅच बघते. गेली काही वर्षं आमचा माल ॲपवरूनही जातो. तुमचं ते दुसरं खोकं ज्या टेबलावरून निघालं असेल, तशाच एका टेबलाशी मी रोज उभी असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. दुसरी शेगडी तुमची नाही. पण ती परत पोचवायचा त्रास आणि खर्चही तुमचा नाही. तुम्ही फक्त लेखी कळवायचं, ते मात्र आजच.

तुम्ही वाचलंत तो नियम बहुतेक अमेरिकेतला असणार. तिथे १९७० च्या टपाल कायद्यात अशी तरतूद आहे की न मागवता टपालाने आलेली वस्तू माणसाने भेट समजून ठेवून घ्यावी. इंग्लंडमध्येही १९७१ मध्ये न मागवलेल्या मालाबद्दल कायदा झाला. हे कायदे आले ते एका लबाडीमुळे. व्यापारी लोकांच्या घरी न मागवलेला माल पाठवायचे आणि मागून बिल धाडून पैशांचा तगादा लावायचे. तुमच्याकडे तसं काही झालेलं नाही. तुम्ही खरेदी केली आणि पाठवणाऱ्याची मोजणी चुकली, एवढंच.

आपल्याकडे यावर १८७२ चा करार कायदा लागतो. त्याचं कलम ७२ अगदी छोटं आहे: चुकून कुणाला पैसे दिले गेले किंवा वस्तू दिली गेली, तर घेणाऱ्याने ती परत केली पाहिजे. कायद्यातच उदाहरण दिलंय. दोघांनी मिळून तिसऱ्याचे शंभर रुपये देणं आहे. एकाने ते फेडले, दुसऱ्याला पत्ता नाही, त्यानेही फेडले. मग तिसऱ्याने दुसऱ्यांदा आलेले शंभर परत द्यायचे. दीडशे वर्षांपूर्वीचं उदाहरण आहे, पण तुमच्या शेगडीला तसंच्या तसं लागू पडतं.

दुसरा कायदा १९३० चा, मालविक्रीचा. हा तुमच्या बाजूचा आहे आणि फार कमी लोकांना माहीत असतो. कलम ३७ म्हणतं की ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर गिऱ्हाइकाने ठरलेला ठेवून जादाचा नाकारावा, नाहीतर सगळाच नाकारावा. सगळा ठेवला, तर ठरलेल्या दराने सगळ्याचे पैसे द्यावे. म्हणजे दुसरी शेगडी तुम्हाला खरंच हवी असेल, नणंदेला द्यायची असेल, तर तसं कळवा आणि त्याच भावात घेऊन टाका. त्यात गैर काहीच नाही. आणि कलम ४३ म्हणतं, वेगळं काही ठरलं नसेल तर नाकारलेला माल परत पोचवायला गिऱ्हाईक बांधील नाही. मी हा माल नाकारते, एवढं विक्रेत्याला कळवलं की पुरे. न्यायचा असेल तर त्याने यावं आणि न्यावा. तेव्हा कस्टमर केअरवाला म्हणाला की कुरियरच्या ऑफिसात नेऊन द्या, भाडं आधी तुम्ही भरा, तर नम्रपणे नाही म्हणा.

भीती घालायची म्हणून नाही, पण हेही माहीत असावं. चूक कळल्यावरही वस्तू बेईमानीने स्वतःच्या वापराला लावली तर तो अप्रामाणिक अपहार होतो. पूर्वी दंड संहितेचं कलम ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, शिवाय दंड. वस्तू चांगल्या भावनेने हातात आली, त्यात गुन्हा नाही. आपली नाही हे कळूनही दाबून ठेवली की प्रश्न येतो. एका शेगडीसाठी कुणी पोलिसांत जाईल असं मला वाटत नाही. पण तुम्ही कायद्याने काय, असं विचारलंत, म्हणून सांगितलं.

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकतो.

तुमचं बिल उघडा आणि 'विक्रेता' असं लिहिलंय तिथे बघा. ॲपचं नाव बहुधा नसेल. परदेशी गुंतवणूक असलेल्या ॲपला आपल्याकडे स्वतःचा माल साठवून गिऱ्हाइकाला विकायची परवानगी नाही, ते फक्त बाजार भरवतात. माल दुसऱ्याच कुणाचा असतो. तो वाघोलीतला मोठा गोदामवाला असेल, नाहीतर आमच्यासारखं गल्लीतलं दुकान असेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडून अशीच चूक झाली. इस्त्र्या कंपनीकडून येतात त्या चार-चारच्या मोठ्या खोक्यात. ते फोडायचं, आतला एक डबा काढायचा, त्यावर लेबल चिकटवायचं. त्या दिवशी रात्री साडेनऊला शेवटची गाडी उभी होती. पॅकिंगवरच्या पोराने मोठं खोकं न फोडताच लेबल चिकटवलं. एका इस्त्रीच्या ऑर्डरवर चार गेल्या. आम्हाला पत्ताच नाही.

तिसऱ्या दिवशी सासवडच्या एका शिक्षिका बाईंचा फोन आला. "अहो ताई, मी एकच सांगितली होती, तुम्ही चार पाठवल्यात. तीन तशाच ठेवल्यात, कधी येताय न्यायला?" त्यांनी खोक्यावरचा आमचा नंबर बघून फोन केला होता. तेव्हा आमच्याकडे तूट निघाली की ती पॅकिंगवाल्याच्या पगारातून वळती व्हायची. तीन इस्त्र्यांचे पैसे, तेही दिवाळीत. फोन स्पीकरवर होता. पोरगा शेजारीच टेपचं बंडल हातात धरून उभा होता, त्याने ते हळूच खाली ठेवलं. शेठनी ती पगारकपात पुढे बंद केली, पण सगळ्याच गोदामांत ती बंद झालेली नाही. आणि मालकाचं म्हणाल तर त्यालाही नुसती किमतीची झळ बसत नाही. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा फुकट दिलेल्या मालावर आधी घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे माल घेताना भरलेल्या कराची वजावट, जीएसटीच्या कलम १७(५) मुळे सोडावं लागतं.

आठ दिवस फोन आला नाही यावरून त्यांनी सोडून दिलं असं समजू नका. बऱ्याचदा चूक कळते ती कुरियरच्या बिलावरून. त्यांच्याकडे प्रत्येक पार्सल काट्यावर चढतं. आम्ही एक किलो लिहिलं आणि काट्यावर साडेचार भरलं, की जादा वजनाचे पैसे लावून बिल येतं, आणि मग आम्ही शोधायला बसतो. नाहीतर महिनाअखेरीच्या मोजणीत सापडतं, नाहीतर ३१ मार्चला. तुमच्या बाबतीत अजून एक शक्यता आहे. पहिलं पार्सल वाटेत कुठेतरी अडकलं, हरवलं समजून दुसरं पाठवलं, आणि मग दोन्ही पोचली. हे आमच्याकडे महिन्यात एकदा तरी होतं.

तर करायचं काय. आधी दोन्ही खोक्यांचे फोटो काढा, लेबलांसकट. मग सिरीयल नंबर बघा. बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर नंबर छापलेला असेल, तर तो ज्या शेगडीचा आहे ती ठेवा आणि दुसरी परत द्या. उलट झालं तर सहा महिन्यांनी काच तडकल्यावर सर्व्हिस सेंटरवाला म्हणेल की हा नंबर तुमच्या नावावर नाही. जी परत जायची तिचं खोकं फोडू नका.

मग ॲपमध्ये त्याच ऑर्डरच्या पानावर जाऊन मदत विभागात लिहा. फोनवर बोलणं झालं तरी लेखी हवंच. मी असं लिहीन: 'मी एक शेगडी मागवली होती, दोन मिळाल्या. एकीचेच पैसे घेतले गेले आहेत. जादा आलेला नग मी स्वीकारत नाही. तो न उघडता ठेवला आहे. तुमच्या खर्चाने माझ्या घरून न्यावा, संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. पंधरा दिवसांत कुणी आलं नाही तर काय करायचं ते लेखी कळवा.' तक्रार क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा.

एक गोष्ट नक्की सांभाळा. चॅटवरची मुलगी घाईत तुमच्याच ऑर्डरवर 'रिटर्न' टाकेल. तसं झालं की माणूस एक शेगडी घेऊन जातो, आणि तुमच्या खात्यात तुम्ही भरलेले पैसे परत येतात. म्हणजे राहिलेली शेगडी आता फुकट पडली, आणि नवा घोळ सुरू. म्हणून स्पष्ट लिहा: रिफंड नको, बदली नको, फक्त जादाचा नग न्या. न्यायला आलेल्याकडून पोच घ्या, आणि खोकं त्याच्या हातात असताना एक फोटो काढून ठेवा.

उत्तरच आलं नाही तर ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्याच्याही पुढे गरज पडलीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मदतीचा नंबर गूगलवर शोधू नका, हे मात्र काकुळतीने सांगते. खोटे नंबर टाकून बसलेली माणसं आहेत. आणि उलटा फोन आला की 'मॅडम, तुमच्याकडे चुकून पार्सल गेलंय, रद्द करायला ओटीपी सांगा', तर फोन ठेवून द्या. खरोखर न्यायला येणाऱ्याला बँकेचा ओटीपी लागत नाही. कुणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करायचा.

कधी कधी कंपनीच म्हणते, राहू द्या तुमच्याकडेच. न्यायला येण्याचा खर्च वस्तूपेक्षा जास्त असला की असं होतं, स्वस्तातल्या वस्तूंना तर बऱ्याचदा. ते चॅटमध्ये किंवा ईमेलवर लेखी आलं की शेगडी तुमची, मनात काही ठेवू नका, खुशाल वापरा. मी स्वतः असं उत्तर चॅटवरून आलं तरी बिलावरच्या विक्रेत्याला एक ओळ कळवते, कारण माल त्याचा असतो आणि होकार भलत्याच माणसाने दिलेला असतो. तेवढं तुम्ही केलंच पाहिजे असं नाही.

तुमच्या नावाचं नसलेलं पार्सल आलं तर गोष्ट वेगळी, कारण तिथे कुणीतरी वाट बघत असतं. धायरीला आमच्या सोसायटीत बी विंग आणि डी विंग यांच्यात कायम गोंधळ होतो. गेल्या वर्षी आमच्या दारात एक पाकीट आलं, फ्लॅट नंबर आमचा, विंग डी. फोडलं नाही, तशीच वर घेऊन गेले. आजोबांनी दार उघडलं. साखर तपासायच्या पट्ट्या होत्या, चार दिवस त्यांची तपासणी थांबली होती. ॲपवर 'डिलिव्हर झालं' असं दिसत होतं, त्यामुळे त्यांचं कुणी ऐकूनच घेत नव्हतं. अशा वेळी पत्ता जवळचा असेल तर नेऊन द्या, नसेल तर त्याच दिवशी कुरियरला कळवा.

सासूबाईंना सांगा, आलेली लक्ष्मी पॅकिंगवाल्या पोराच्या घरची असू शकते. मी आमच्या आईला असंच सांगते आणि तिला ते पटतं.

आणि ते खोकं आधी बाल्कनीतून आत घ्या. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असेल तोवर आपल्या वस्तूइतकी काळजी घ्यायची, असं करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. पुठ्ठ्याला एकदा पावसाची झड लागली की खोकं खालून सुटतं, मग न्यायला आलेला माणूस ते घेत नाही.